शेवट कुणाचा सरस: 'ब्लड अँड वाईन' की 'ट्रेसपासर'?

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडणं तसंही शक्य नसतं, म्हणून हे दोन्ही खेळून घ्या: दोन व्हिडिओ गेमचे, मूळ गोष्टीला शेवट देणारे जोडभाग.

'विचर ३'च्या 'ब्लड अँड वाईन'मध्ये (२०१६) तूसाँ हा अख्खा नवा प्रदेश मिळतो. राक्षस मारून दमलेल्या नायक गेराल्टला द्राक्षमळ्यासकट घरही मिळतं. नान्नजच्या बागा पाहिलेल्यांना हा शेवट लगेच आपलासा वाटेल.

'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'चा 'ट्रेसपासर' (२०१५) लहान. भटकायला फारसं काही नाही. पण सोबत लढलेला सोलस समोर उभा राहून आपलं खरं रूप कबूल करतो, आपल्या पात्राचा हात जातो, वर आपण चालवलेली 'इन्क्विझिशन' ही संघटना मोडायची की धर्मपीठाच्या हाताखाली द्यायची तेही आपणच ठरवायचं! पुढची गोष्ट यायला २०२४ उजाडलं, हे जरा अतीच.

पैसे वसूल पहिल्यात. चटका दुसऱ्याचा, आणि माझं मत त्यालाच.