दहा इंची सबवूफर, बंद बॉक्स आणि स्टेपनी: एक पावसाळा काढल्यानंतर

"कॉइल गेली, साहेब. दहा इंचात हे असंच होतं. बारा इंची टाका, वरचे सहा हजार द्या, करून देतो." गाडीतल्या सबवूफरचा (जड बेस वाजवणारा मोठा स्पीकर, थोडक्यात सब) आवाज बिघडला म्हणून ज्या दुकानातून सिस्टीम बसवून घेतली तिथे गेलो, त्यांचंच हे उत्तर. वॉरंटीचं विचारलं तर म्हणे कॉइल त्यात येत नाही. सब खोलला नाही, मीटर लावला नाही, डिकी उघडून नुसता आवाज ऐकला आणि निकाल दिला. मला याचा संताप आला आणि अजून तो उतरलेला नाही.

गाडी आधीच्या पिढीची स्विफ्ट, २६८ लिटर डिकीवाली. त्यात दहा इंची सब, तयार मिळतो तो बंद बॉक्स आणि सबला ताकद पुरवणारा मोनो ॲम्प (ॲम्प्लिफायर). दसऱ्याच्या सुमारास जड बेस आला की आवाजात 'फस्स' असा वारा मिसळायला लागला.

घरी मल्टिमीटर लावला. चार ओहमची कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) साडेतीनच्या आसपास दाखवत होती, म्हणजे ठणठणीत. मग ४० हर्ट्झचा टोन चालू ठेवून पेटती उदबत्ती बॉक्सच्या सांध्यांवरून हळूहळू फिरवली. तीन बाजूंना धूर सरळ वर जात होता. मागच्या खालच्या कोपऱ्याशी मात्र झटके खायला लागला. तिथलं कार्पेट सोललं तर एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) चहात बुडवलेल्या टोस्टसारखं फुगलेलं, नखाने भुगा निघत होता. पावसाळाभर घोटी-इगतपुरीच्या फेऱ्या, डिकीत ओल्या छत्र्या नि रेनकोट, आणि बॉक्स थेट तळाला टेकलेला. बंद बॉक्समध्ये आतली हवा स्प्रिंगचं काम करते. ती गळायला लागली की कोनला, म्हणजे सबच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला, आवर राहत नाही. सब निर्दोष होता.

ओळखीच्या सुताराकडून १८ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायचा नवीन बॉक्स करून घेतला. आतल्या सगळ्या सांध्यांना सिलिकॉन, खाली रबराचे पाय. अठराशे रुपये. पैसे वाचले हा एक भाग, पण आवाज पहिल्यापेक्षा घट्ट झाला.

आता इंचांकडे. मित्राच्या हॅचबॅकमध्ये बारा इंची आहे, पोर्टवाल्या बॉक्समध्ये, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या. सुरुवातीला त्याच्या गाडीत बसून आलो की आपला दहा इंची फिका वाटायचा, आणि दोनेक महिने मी सगळ्यांना 'दहा कमीच पडतो' असंच सांगत होतो. हिशेबही तसाच दिसतो: बारा इंची कोनचं क्षेत्रफळ दहा इंचीच्या जवळजवळ दीडपट.

मत बदललं ते ढोल ऐकताना. नाशिक ढोलाचं एक रेकॉर्डिंग दोन्ही गाड्यांत लावलं. त्याच्याकडे दणका जबरदस्त, पण जलद लयीत एक ठोका विरायच्या आत दुसरा त्यावर पडतो आणि सगळा मिळून एकच 'घूं' उरतो. माझ्याकडे टिपरूचा प्रत्येक फटका सुटा. तबल्यातल्या डग्ग्याची मींड तर त्याच्याकडे कळतच नाही. पोर्टवाला बॉक्स ज्या फ्रीक्वेन्सीला ट्यून केलेला असतो तिथे जोर देतो आणि तिच्या खाली दर सप्तकाला, म्हणजे फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की, २४ डेसिबलने कोसळतो. बंद बॉक्स १२ डेसिबलने, हळूहळू उतरतो. आणि हॅचबॅकची छोटी केबिन साधारण ६० हर्ट्झच्या खाली स्वतःच आवाज उचलते. उतार आणि उचल एकमेकांची भरपाई करतात, म्हणून छोट्या गाडीत बंद बॉक्स फिका न पडता सपाट, स्वच्छ वाजतो.

अर्थात हे कळण्याआधी लो-पास (ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या वरचे आवाज सबकडे जाऊ न देणारी सेटिंग) ८० हर्ट्झवर आणून फेजचा खटका (सबची हालचाल बाकी स्पीकरांशी जुळवणारा) १८० वर टाकावा लागला. दुकानदाराने तो लो-पास १५० वर ठेवून दिला होता. बायकांपुरुषांचे आवाज मागच्या सीटवरून येत होते ते त्यामुळे.

तरीही माझ्या लेखी बारा इंचीचा खरा दोष आवाजात नाही, स्टेपनीत आहे. दहा इंचीला बंद बॉक्समध्ये १५ ते २० लिटर पुरतात. बारा इंचीला बंदमध्ये तीसेक आणि पोर्टमध्ये पन्नास-साठ. लाकडाची जाडी धरली की डिकीचा पाव भाग गेला. मित्राचा बॉक्स डिकीच्या फळीला स्क्रूने आवळलाय आणि स्टेपनी त्या फळीखाली. पाथर्डी फाट्याजवळ रात्री पावसात टायर पंक्चर झालं तेव्हा आम्ही दोघं मोबाइलच्या उजेडात ते वीसेक किलोचं धूड उतरवत होतो, वायरी ओल्या होऊ नयेत म्हणून माझं जर्किन त्यावर. घरची मंडळी गाडीत असताना हे कुणावर यावं असं मला वाटत नाही. सब बघायला जाण्याआधी स्टेपनीचं झाकण उघडून टेप लावा आणि ते पूर्ण उघडेल एवढ्याच मापाचा बॉक्स सांगा. इंच नंतर.

वॅटच्या आकड्यांकडे बघूच नका. ॲम्पच्या खोक्यावर १२०० वॅट छापलेलं असतं. ॲम्पवरचा फ्यूज बघा. ३० अँपिअरचा असेल तर १४ व्होल्टला आत जाणारी वीजच ४२० वॅट, ॲम्प क्लास डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा, असला तरी बाहेर सव्वातीनशेच्या आसपास. आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत मुख्य वायरला फ्यूज लावलाय का, ते बॉनेट उघडून स्वतः तपासा. माझ्याकडे तो मीटरभर लांब होता, म्हणजे तेवढी वायर इंजिनशेजारी विनासंरक्षण. तोही मीच हलवून घेतला.

डिकी अजिबात द्यायची नसेल तर सीटखाली बसणारे आठ इंची ॲक्टिव्ह सब (ॲम्प आतच असलेले) मिळतात. वहिनींच्या गाडीत एक आहे. भजनं, जुनी गाणी, गप्पा, सगळं छान भरतं. ढोल लावला की तो जमिनीपर्यंत उतरत नाही. त्यांची त्याला हरकत नाही. माझी असती.