वीस रुपयांच्या पट्टीवर मिटलेलं भांडण

घरच्या घरी रक्तातली साखर मोजायचं यंत्र घ्यावं का, असं हल्ली दुकानात गिऱ्हाईकंसुद्धा विचारतात. माझं दुकान म्हापशात, हार्डवेअरचं. औषधांशी संबंध एवढाच, की या यंत्राला लागणारा बटणासारखा सेल माझ्याकडे मिळतो. पण मी ते वापरतो हे आजूबाजूला सगळ्यांना कळलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. ज्यांना मधुमेह आहे त्यांना त्यांचे डॉक्टर सांगतील. हे माझ्यासारख्या काठावर उभ्या असलेल्यांसाठी.

काठ म्हणजे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी लॅबची तपासणी, ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान, नाहीतर उपाशीपोटी साखर १०० ते १२५. माझी एचबीए१सी ६.१ आली. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. २०२३ साली आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरातल्या पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यातच निघालं होतं, २६.४ टक्के. गोळी दिली नाही. वजन उतरवा, चाला, भात कमी करा, सहा महिन्यांनी या. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत हवा, हेही सांगितलं. दुकानात टेपांना तोटा नाही, लगेच मोजला. ९८.

आता गोव्यातल्या माणसाला ‘भात कमी करा’ म्हणून सोडून देणं म्हणजे घरात भांडण लावून देणं. आई म्हणते, उकड्या तांदळाची पेज म्हणजे औषध, तिने कधी कोणाचं वाईट झालेलं नाही. बायको म्हणते, पाव बंद, पोई चालेल, ती कोंड्याची पावरोटी. मेव्हण्याने कुठेतरी पाहिलेलं, फळंच बंद करा. प्रत्येकाचा आवाज मोठा आणि पुरावा कोणाकडेच नाही. यंत्र मी या भांडणासाठी घेतलं, आणि या कामाला ते एक नंबर आहे.

वापरायची रीत सोपी. जेवणाआधी एकदा बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर घ्यायचा, पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. काही पदार्थांना मधे एका तासालाही. आकडा, काय खाल्लं, किती खाल्लं, सगळं वहीत. रोज टोचायची गरज नाही. ज्या पदार्थावरून घरात वाद आहे तेवढाच तपासायचा.

पहिला नंबर पेजेचा लागला. सकाळी दहाची पेज, वाटीत कैरीचं लोणचं, बाजूला भाजलेली सुकी मासळी. दोन तासांनी १३९. आई खूश. पण एका तासाला आकडा १८६ वर गेला होता, तो मी तिला नंतर दाखवला. त्याच तांदळाचं शीत, म्हणजे भात, साधारण तितकाच, पण बरोबर बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, आणि ताटात भरपूर भेंडीची भाजी, तर एका तासाला १५८. तांदूळ तोच. फरक एवढाच की पेज मऊ आणि पातळ, चावायचं काही नाही, पोटातून झरझर पुढे सरकते, आणि तिला अडवायला ताटात दुसरं काही नसतं. मग पेज निम्मी केली आणि बरोबर वाटीभर अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची आमटी, घेतलं. १५४. आईचं मत, यंत्र बिघडलेलं आहे. पण तोणाक तेव्हापासून तीच करते.

दुसरा वाद पाव की पोई. बाजारातल्या हॉटेलात पातळभाजी, दोन पाव आणि साखरेचा चहा घेतला की दोन तासांनी १६८. तीच भाजी, एक पोई, बिनसाखरेचा चहा, १४९. बायको जिंकली, पण पूर्ण नाही. कारण सायकलवरून पों-पों करत येणाऱ्या आमच्या पदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोई आणि दुकानातून आणलेली पोई यांच्यात वीसेकाचा फरक दिसला. दुकानातली मी मधोमध फाडून बघितली. वर कोंडा भुरभुरलेला, आत पांढरीशुभ्र, पावासारखीच. पदेराची आतूनही तपकिरी, जरा चिवट, खाताना जबडा चालवावा लागतो. तेव्हा पोई घ्याल तर फाडून बघा, वरून कोंडा सगळ्यांनाच असतो.

मानकुराद आंब्याबद्दल विचाराल म्हणून सांगतो. दुपारच्या जेवणावर अख्खा आंबा म्हणजे आकडा वर. तोच अर्धा, चार वाजता, चहाबरोबर काही न खाता, तर काही बिघडत नाही. मेव्हण्याला कळवलं आहे. बोडगेश्वराच्या जत्रेतल्या खाज्याचं माप मी काढलेलं नाही आणि काढणारही नाही.

पण सगळ्यात मोठा धक्का खाण्याने नाही, चालण्याने दिला. तेच दोन पाव, तीच भाजी, तोच साखरेचा चहा, आणि हॉटेलातून निघून वीस मिनिटं बाजारात फेरी. १४१. ताटातलं काहीही न बदलता! डॉक्टरांनी कारण सांगितलं: स्नायू हलायला लागले की ते इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरचं चालणं कामी येतं. मी दिवसभर गल्ल्यावर बसणारा माणूस. आता दुपारी जेवल्यावर जवळपासचे नळ, खिळे, रंगाचे छोटे डबे पोचवायला पोराला पाठवत नाही, स्वतः जातो. शुक्रवारी आठवडी बाजारात चालायला जागा नसते, त्या दिवशी संध्याकाळी पेडे भागातल्या क्रीडा संकुलाकडे.

डॉक्टर आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायामाचा हट्ट का धरतात तेही त्यांना विचारलं. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काठावरच्या लोकांना वजन सात टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करायचा असं लक्ष्य दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. हे ऐकून मी जाम खूश झालो, तर ते म्हणाले, थांबा. आपल्याच लोकांवर चेन्नईत झालेला अभ्यास २००६ साली आला, त्यात आहार-व्यायामाने २८.५ टक्के. गोळीनेही जवळपास तेवढाच फायदा. घाऊक बाजारात उभा राहिलेला माणूस आहे मी, २८ टक्के सुटलेले काही कमी नाहीत.

आता यंत्राच्या खोड्या. यंत्र स्वस्त, पट्ट्या महाग. एक पट्टी साधारण वीस रुपयांच्या घरात पडते, आणि रक्ताचा थेंब अपुरा पडला की पडद्यावर एरर येतो आणि पट्टी वाया. बोटाच्या मधोमध नव्हे, कडेला टोचा, दुखतही कमी. टोचणीची खोली कमी-जास्त करता येते. माझे हात पत्रे-पाइप उचलून राठ झालेले, मला जवळजवळ शेवटच्या आकड्यावर ठेवावी लागते. बायकोला दुसऱ्यावर भागतं.

अचूकपणाची फार अपेक्षा नको. एकाच बोटाचे लागोपाठ दोन थेंब घेतले, ११२ आणि १२१. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला तर पलीकडच्या माणसाने मला यंत्र बंद करून चालू करायला सांगितलं. खरं उत्तर नियमातच आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शंभरमधल्या ९५ मापांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, आणि साखर १०० च्या खाली असेल तर १५ अंकांचा. म्हणजे चार-पाच अंकांवरून घरात वाद घालायचा नाही. यंत्र तपासायचं कंट्रोल सोल्युशन मात्र खोक्यात नव्हतं आणि म्हापशात मला कुठे मिळालं नाही. लेव्हल बॉटल न देता गवंड्याला काम सांगितल्यातला हा प्रकार, त्याबद्दल माझी तक्रार कायम आहे.

टोचण्याआधी हात साबणाने धुवा आणि पूर्ण पुसा. फणस सोलून आलेल्या बोटाची साखर भलतीच येते, ती तुमची नसून फणसाची. पावसाळ्यात पट्ट्यांची डबी लगेच घट्ट लावा, आमच्याकडची दमट हवा त्यांना मानवत नाही. उघडल्यावर किती दिवसांत संपवायच्या ते डबीवर छापलेलं असतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, कचरा उचलणाऱ्या बायांचे हात असतात.

सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्याने मला बराच छळलं. रात्री हलकं जेवून सकाळी ११०, आणि कधी जड जेवूनही १०४. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं तेव्हा लिव्हर स्वतःच रक्तात साखर सोडतं, हे कळल्यावर मी तो आकडा रोज बघणं सोडलं. ज्यांचा स्वभाव काळजीचा आहे त्यांनी हे यंत्र घेऊच नये. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ तासातासाला टोचतात आणि आकडा वाढला की घाबरून जेवत नाहीत. त्यापेक्षा वर्षातून दोनदा लॅबमध्ये एचबीए१सी करावी. निदानही लॅबच्या तपासणीवरूनच होतं, या यंत्रावरून नाही.

माझी सहा महिन्यांनी ५.८ आली, वजन ८१ वरून ७६. श्रेय चालण्याला आणि तोणाकाला. यंत्र आता कपाटात असतं. नवीन काही वाद निघाला, मध्यंतरी नाचण्याच्या आंबिलीचा निघाला होता, की बाहेर येतं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या सोल्युशनचा कापला, बाकीचा पट्ट्यांच्या भावाचा. घेणार असाल तर यंत्राच्या किमतीकडे बघू नका, आधी तुमच्या गल्लीतल्या फार्मसीत कुठल्या कंपनीच्या पट्ट्या कायम असतात ते विचारा आणि त्याच कंपनीचं घ्या. ऑनलाइन पट्ट्या स्वस्त दिसतात, पण मुदत संपत आलेल्या येतात. पंचवीसची एकच डबी घ्या, शंभरची नको.