झाकणाची काचपेटी की उघडं लाकडी खोकं?

अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं जमिनीवरचं कासव जेमतेम लिंबाएवढं असतं आणि पटकन सुकतं. म्हणून त्याला ठेवायची जागा निवडताना पहिला प्रश्न ओलाव्याचा. झाकणाच्या पेटीत कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर दमट ठेवला की ७०-८० टक्के आर्द्रता सहज टिकते; उघड्या खोक्यातून ऊब आणि ओल दोन्ही उडून जातात. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवर उंचवटे येतात, ते पुढे सपाट होत नाहीत. खोक्याच्या बाजूने एवढंच, की हवा खेळती राहते आणि पिल्लू काचेला धडका देत बसत नाही. (काचेला खालच्या बाजूने कागद चिकटवा, धडका कमी होतात.) मी पेटीच घेईन. मात्र यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा आतच हवा, काच ते किरण अडवते. कोमट, उथळ पाण्यात रोज १५ मिनिटं बसवणं दोन्हीकडे सारखंच.