पंप चालू असताना घेतलेला टर्म इन्शुरन्स : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

दम्याचं औषध रोज चालू असताना टर्म पॉलिसी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा विमा, मिळते का? मिळते. प्रश्न त्यापुढचा असतो: किती हप्त्याला, किती कागदांनंतर, आणि उद्या घरच्यांनी दावा केला तर ते कागद टिकतील का. हा अभिप्राय सांगलीत घेतलेल्या एका पॉलिसीचा आहे. वय ३८, मध्यम दमा, सकाळ-संध्याकाळ बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप, गरजेपुरता साल्ब्युटामॉलचा दुसरा पंप, विमा रक्कम ७५ लाख, हप्ता मासिक. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. त्याच रिपोर्टवर दुसरी कंपनी वेगळा निर्णय देऊ शकते, त्यामुळे नावाचा तुम्हाला उपयोग नाही.

आधी निकाल. साध्या दराने पॉलिसी मिळाली नाही, २५ टक्के लोडिंग, म्हणजे आजारामुळे वाढवलेला हप्ता, लागलं. मूळ हप्ता महिना १,२०० असेल तर तो १,५०० होतो, आणि हे एका वर्षापुरतं नसतं, पूर्ण मुदत चालतं. पॉलिसी सुरू झाली तेव्हा वर १८ टक्के जीएसटी होता, म्हणजे याच हिशेबाने १,७७०. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला आणि हप्ता १,५०० वर आला. लोडिंगचा बराचसा चटका तिथेच कमी झाला. गंभीर आजाराचा रायडर (पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण) नाकारला, अपघाती मृत्यूचा विनातक्रार दिला. दम्याला हे बहुधा असंच होतं, त्यामुळे रायडरसाठी हुज्जत घालत बसू नका.

लोडिंगची ऑफर लेखी येते आणि तिला लेखी होकार द्यावा लागतो. होकार दिल्याशिवाय विमा सुरू होत नाही. ईमेल स्पॅममध्ये पडून राहिला तर प्रस्ताव बंद होतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात 'पूर्वी प्रस्ताव बंद झाला होता का' याला 'हो' लिहावं लागतं.

आता पंपाबद्दल, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. पंप घेतो म्हटलं की विमा गेला, असं आपल्याकडे पक्कं समजतात आणि पंप लपवतात. कंपनीचा अंडररायटर, म्हणजे जोखीम तपासून निर्णय देणारा माणूस, मात्र पंप कोणता हे बघतो. रोजचा स्टेरॉइडचा पंप म्हणजे आजार ताब्यात ठेवणारं औषध. तो नियमित असणं तुमच्या बाजूचा पुरावा आहे. साल्ब्युटामॉलचा, म्हणजे निळा, पंप हा धाप लागल्यावरचा. त्याच्या एका डब्यात २०० फवारे असतात. महिन्याला एक डबा संपत असेल तर दिवसाला सहा-सात फवारे झाले, म्हणजे दमा ताब्यात नाही हे बिलावरूनच कळतं. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत, ज्यांना 'गिना' म्हणतात, वर्षाला असे तीन किंवा जास्त डबे लागणं हे झटक्यांचा धोका वाढल्याचं लक्षण मानलं आहे, आणि बारा किंवा जास्त लागणं मृत्यूचा धोका वाढल्याचं. म्हणून 'फक्त निळा पंप घेतो, स्टेरॉइड नाही हो' हे वाक्य अभिमानाने सांगू नका. ते उलटं पडतं.

दुसरा घोळ नावाचा. बाळदमा, ॲलर्जी, 'थंडीत जरा छाती भरते', ॲलर्जिक ब्राँकायटिस: एकाच आजाराला चार चिठ्ठ्यांवर चार नावं असतात. अर्जातला प्रश्न मात्र दमा, ब्राँकायटिस किंवा श्वसनाचा कोणताही आजार असा सैल लिहिलेला असतो. त्यात हे सगळं बसतं, लहानपणी होऊन गेलेला बाळदमासुद्धा. मॉन्टेल्युकास्ट-लेव्होसेटिरिझिनची गोळी नुसत्या सर्दीच्या ॲलर्जीलाही देतात आणि दम्यालाही. ती कशासाठी चालू आहे हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर कंपनी वाईट अर्थ धरते. वैदूकडच्या पुड्या आणि कोजागिरीच्या खिरीतलं औषध घेतलं असेल तर तेही सांगायचं. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि मग रक्तातली साखर का वाढली याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

डॉक्टरांचं पत्र अर्जाबरोबरच जोडलं तर निदान एक फेरी वाचते. 'रुग्णाची तब्येत चांगली आहे' या ओळीला काही किंमत नाही. पत्रात हवं ते असं: निदान आणि ते कधी झालं, औषधाचं नाव, ताकद आणि दिवसातले डोस, शेवटचा झटका कधी आला, गेल्या दोन वर्षांत तोंडाने स्टेरॉइडच्या गोळ्या किती वेळा लागल्या, नेब्युलायझरसाठी दवाखान्यात किती वेळा जावं लागलं, ॲडमिट केलं होतं का, आयसीयू किंवा व्हेंटिलेटर लागला होता का, रात्री धापेने जाग येते का, तंबाखूची सवय. यातलं जे घडलेलं नाही, ते 'नाही' असं स्पष्ट लिहून घ्या. मोकळी सोडलेली जागा म्हणजे कंपनीची पुढची शंका.

फोनवरची वैद्यकीय तपासणी, म्हणजे टेलि-मेडिकल, रेकॉर्ड होते. मराठीत बोलायचं असेल तर सुरुवातीलाच मागा, मिळतं. चिठ्ठी समोर ठेवून बसा. 'अधूनमधून पंप घेतो' असं मोघम बोलू नका. 'बुडेसोनाइड २०० मायक्रोग्रॅमचा, सकाळी एक फवारा, रात्री एक' असं सांगा, अर्थात तुमच्या चिठ्ठीत जे असेल ते. फोनवर एक आणि पत्रात दुसरं आलं की फाइल परत फिरते. ही फेरी आमच्या प्रस्तावातही झाली आणि अकरा दिवस गेले: पत्रात दिवसाला दोन फवारे, फोनच्या नोंदीत एक.

रक्त-लघवी आणि ईसीजीसाठी माणूस घरी येतो. पीएफटी, म्हणजे फुंकायची तपासणी, मात्र सेंटरवरच. सांगली-मिरजेत त्याची अडचण नाही, पण जत, आटपाडी किंवा माण-खटावकडून यायचं तर अख्खा दिवस धरा. गडबड सगळ्यात जास्त इथेच होते. फुप्फुस बरं असूनही आकडा पडतो, कारण फुंकण्यात चूक होते: ओठ नळीवर घट्ट नसतात, सुरुवातीचा जोर कमी पडतो, किंवा दोन-तीन सेकंदांत सोडून दिलं जातं. श्वास पूर्ण भरून एकदम जोरात सोडायचा आणि साधारण सहा सेकंद ढकलत राहायचं. नीट झालेले किमान तीन प्रयत्न हवेत, आणि त्यातल्या सर्वात चांगल्या दोघांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. टेक्निशियन दोन फुंकींवर उरकत असेल तर थांबवा आणि तिसरी मागा. उंची त्यांच्यासमोर चप्पल काढून मोजायला लावा. 'अपेक्षित' आकडा वय, लिंग आणि उंचीवरून निघतो. पाच सेंटिमीटर जास्त लिहिले तर तुमची टक्केवारी उगाच खाली येते. रिपोर्टवर एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकीतली एकूण हवा) यांचं गुणोत्तर ०.७० च्या खाली आलं तर श्वासनळ्या अरुंद आहेत असं धरतात. एफईव्ही-वन अपेक्षितच्या ८० टक्क्यांवर असेल तर बोलणी सोपी जातात.

तपासणीआधी आठ दिवस पंप बंद ठेवून 'कोरं' जायचं, हा सल्ला एजंटांत फिरतो. मूर्खपणा आहे. रोजचा पंप बंद केला की सूज वाढते आणि आकडा आणखी पडतो, शिवाय झटक्याचा धोका आहेच. औषध देण्याआधी आणि दिल्यानंतर अशी दुहेरी चाचणी सांगितली असेल तरच साल्ब्युटामॉल चार ते सहा तास आणि फॉर्मोटेरॉलसारखं दिवसातून दोनदा घ्यायचं औषध एक दिवस थांबवतात, तेही आपल्या डॉक्टरांना विचारून. उपाशीपोटी रक्त द्यायचं असलं तरी पंप चालतो, चूळ भरली तरी उपास मोडत नाही.

साल्ब्युटामॉलचे फवारे घेऊन लगेच ईसीजी काढू नका. नाडी वाढलेली दिसते, त्यातून हृदयाची वेगळी चौकशी निघते. प्रेडनिसोलोनचा, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्यांचा, कोर्स चालू असेल किंवा नुकताच संपला असेल तर साखर वाढलेली येते. तपासणी पुढे ढकला. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त दिसले तर घाबरायचं कारण नाही, ॲलर्जीच्या दम्यात ते दिसतातच.

लघवीतून कोटिनिन तपासतात, म्हणजे निकोटिनचा माग काढतात. आपल्या भागात इथे बायकांचे अर्ज अडकतात. 'तंबाखू खात नाही' असं खरं समजून लिहिलेलं असतं आणि रोज सकाळी मिश्री लावलेली असते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तो हिरडीतून रक्तात जातो आणि कोटिनिन पॉझिटिव्ह येतं. मग तंबाखूचा दर लागतो आणि खोटं लिहिल्याचा शिक्का बसतो तो वेगळाच. दमा आणि तंबाखू एकत्र आले की काही कंपन्या सरळ नकार देतात. तंबाखू सोडायचं निकोटिन च्युइंगगमसुद्धा या चाचणीत दिसतं.

अर्ज कधी करायचा? सांगली-साताऱ्याकडे पावसाळ्यात ओल आणि बुरशी, नोव्हेंबरपासून थंडी, गळीत हंगाम आणि पाचट जाळल्याचा धूर, फेब्रुवारीनंतर हळदीची धूळ. गणपती उठल्यापासून दिवाळीच्या फटाक्यांआधीचे दिवस बहुतेकांना त्यातल्या त्यात बरे जातात, फुंकायची तपासणी तेव्हा ठेवा. झटका येऊन ॲडमिट झाला असाल तर लगेच अर्ज करू नका. कंपनी काही महिन्यांसाठी प्रस्ताव पुढे ढकलते आणि ती नोंद मागे राहते. याच कारणाने चार कंपन्यांत एकदम अर्ज टाकणं वाईट. हळद पॉलिशला किंवा गोदामात काम असेल तर व्यवसायाच्या रकान्यात 'व्यापार' एवढंच लिहून भागवू नका. काम धुळीतलं असलं की तेही जोखमीत धरतात.

पॉलिसी आल्यावर ३० दिवसांचा फ्री-लूक काळ, म्हणजे पटली नाही तर पॉलिसी परत करायची मुदत, मिळतो. तो सोबत जोडलेली अर्जाची प्रत वाचण्यात घालवा. आमच्या प्रतीत श्वसनाच्या प्रश्नाला 'हो' होतं, पण औषधाच्या रकान्यात एकाच पंपाचं नाव होतं. ईमेलने दुरुस्ती मागितली आणि दुरुस्त प्रत यायला तीन स्मरणपत्रं लागली. ही कंपनीची ढिलाई, गुण इथेच कापले. एजंटने स्वतः फॉर्म भरला असेल तर हे पान दोनदा वाचा. 'नाही'वर टिक करून मोकळं होण्याची सवय असते.

एवढी काळजी कलम ४५ मुळे. विमा कायदा १९३८ च्या या कलमानुसार पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कोणत्याही कारणाने तिच्यावर प्रश्न उभा करता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र महत्त्वाची गोष्ट लपवली म्हणून दावा नाकारता येतो. 'तीन वर्षं काढली की झालं' म्हणणाऱ्यांना विचारा, त्याच तीन वर्षांत काही झालं तर? दुसरं, पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली तर ही तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजतात, आणि तब्येतीचा नवा जबाबही द्यावा लागतो. हप्त्याची तारीख चुकली तर मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस फक्त १५, वार्षिकला ३०. दमेकऱ्याने वार्षिक हप्ता घ्यावा हेच बरं. मासिक घेतल्याचा पस्तावा एकदा ऑटो-डेबिट परत गेल्यावर झाला. पॉलिसी सुरू झाल्यानंतर औषध वाढलं किंवा नवा आजार निघाला तर कळवायची गरज नसते. अर्जावर सही आणि विमा सुरू होणं यांच्या मधल्या काळात काही झालं तर मात्र कळवावंच लागतं.

कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा वेगळा तपासा. घरकर्ज देताना बँक हप्ता कर्जातच मिळवते आणि सह्यांच्या गठ्ठ्यात 'मला कोणताही आजार नाही' असं छापलेलं चांगल्या तब्येतीचं पत्र सरकवते. पंप खिशात असताना त्यावर सही केली तर तो विमा पहिली तीन वर्षं कागदापुरताच. त्या ओळीवर काट मारून आजार लिहा आणि फोटो काढून ठेवा.

सगळीकडून नकार आला तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे: वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं संरक्षण, १८ ते ५० वयात प्रवेश, वैद्यकीय तपासणी नाही. पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यू धरतात. रक्कम तुटपुंजी, पण मिळते.

कंपनीने दावा नाकारला किंवा तक्रारीला उत्तर दिलं नाही तर सातारा-सांगलीसाठी विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात, वकील लागत नाही, फी नाही, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण दुरुस्तीच्या स्मरणपत्रांचा गेला, एक लोडिंगचा. लोडिंग कमी करा म्हणून दोन वर्षांनी नव्या पीएफटीसह अर्ज करता येईल, असं या कंपनीने ईमेलवर मान्य केलं आहे; हक्क म्हणून नव्हे, विचार करू म्हणून. तो ईमेल, पीएफटीची मूळ प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि औषधांची बिलं पॉलिसीच्याच फाइलमध्ये लावलेली आहेत, आणि फाइल कोणत्या कपाटात आहे ते नॉमिनीला माहीत आहे.