हसा की लेको, पण गठ्ठा कोण नेणार? टीव्हीएस एक्सएल १००, चार वर्षं वापरून

आमच्या कट्ट्यावर रोज रात्री पाच गाड्या लागतात. एक बुलेट, एक पल्सर, दोन स्प्लेंडर आणि माझी एक्सएल. आरएक्स १०० वाला पण एक जण आहे, पण तो गाडी फक्त रविवारी बाहेर काढतो, पुसतो, किक मारतो, धूर बघतो आणि परत कव्हर घालतो, त्यामुळं त्याला आम्ही हिशोबात धरत नाही. विषय रोज तेच, कुणाची किती ॲव्हरेज देती, कुणी कुठला सायलेन्सर बसवला, कोण विजापूरला किती तासात जाऊन आला. आणि माझा नंबर आला की सगळे हसायला मोकळे. "बोला की मालक, तुमची लूना काय म्हणती?" लूना नाही ती, पण आमच्याकडं कुठल्याही मोपेडला लूनाच म्हणतात, काइनेटिकनं १९७२ साली लूना काढली ती नगरला, आता पन्नास वर्षं उलटून गेली तरी नाव काय तोंडातनं जात नाही. म्हणलं एकदाच काय ते लिहून टाकू.

मी सोलापुरातला चादरी-टॉवेलचा छोटा व्यापारी. दुकान नाही, कारखान्यातनं माल उचलायचा आणि दुकानदारांकडं नाहीतर ट्रान्सपोर्टला टाकायचा. सकाळी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, तिथनं अशोक चौक, तिथनं नवी पेठ, परत एखादा फोन आला की उलटं एमआयडीसीत. दिवसाला चाळीसेक किलोमीटर होतात, पण सगळे गावातल्या गावात, म्हणजे थांब, निघ, थांब, निघ. आणि सोलापुरी चादर ज्यानं हातात घेतलीय त्याला माहीत आहे ती काय चीज आहे, अंगावर घेतली की वजन कळतं. चाळीस नग बांधले की गठ्ठा पन्नास किलोच्या वर जातो.

आधी हाच गठ्ठा मी वडलांच्या स्प्लेंडरवर नेत होतो. स्प्लेंडरला नावं ठेवणार नाही, १९९४ पासनं रस्त्यावर आहे आणि अजून खपती ती उगाच नाही. पण ती माणूस न्यायला केलेली गाडी. गठ्ठा मागच्या सीटवर चढवायचा म्हणजे तो तुमच्या कमरेच्या वर येतो, ट्यूबच्या पट्टीनं कितीही आवळा, वळणावर तो त्याच्या मनानं जातो आणि आपण आपल्या. एकदा बाळीवेशीत रिक्षा आडवी आली, मी पाय टेकवला आणि गठ्ठ्यासकट सावकाश आडवा झालो. लागलं काहीच नाही. पण मयूरपंखी चादरी गटारीच्या कडेला पडलेल्या आणि चार लोक उचलू लागलेले, ते दृश्य अजून डोळ्यासमोरनं जात नाही.

एक्सएलमध्ये खरी गोष्ट आहे ती हँडल आणि सीटच्या मधली मोकळी जागा. बाकी सगळं नंतर. तिथं पुढं गठ्ठा उभा ठेवायचा, दोन गुडघ्यांनी दाबायचा, झालं. वजन चाकाच्या वर नाही, दोन चाकांच्या मधे आणि खाली. त्यामुळं गाडी लोड असली तरी हलकीच वाटती, उलट थोडी जास्त बसून चालती. मागची सीट स्क्रू काढले की निघती आणि तिथं सपाट कॅरिअर मिळतो, दुसरा गठ्ठा मी आधी तिकडं टाकायचो. मी घेतली ती हेवी ड्यूटी, बटन स्टार्टवाली. गाडीचं स्वतःचं वजन नव्वद किलोच्या आत आहे, म्हणजे बुलेटच्या निम्मी पण नाही, बुलेट क्लासिक १९५ किलोला जाती. नवी पेठेच्या बोळात लोड गाडी हातानं मागं ओढून वळवायची वेळ रोज येती, तिथं कळतं हे नव्वद किलो काय असतं.

आता पल्सरवाल्याचा मुद्दा. तो म्हणतो साडेचार हॉर्सपॉवरच्या आतली गाडी घेऊन तू काय ओढणार? बरोबर आहे, ४.३ च्या आसपास आहे. स्प्लेंडर ९७ सीसीची असून आठ देती आणि ही ९९.७ सीसीची असून तिच्या निम्म्यावर. पण ती आठ कधी मिळती ते बघा की, इंजिन ८००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ८००० फेऱ्यांवर, गेल्यावर. गठ्ठा घेऊन सिग्नलला उभा असलेला माणूस ८००० वर कधी जाणार? स्प्लेंडरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, ८.०५ न्यूटन मीटर आहे पण तो ६००० ला, एक्सएलचा साडेसहाच आहे पण ३५०० लाच हातात येतो. म्हणजे जोर कमी पण खालीच मिळतो, आणि मला तो खालीच लागतो. वर जायचंच नाही मला, वर जाऊन काय करू, पुढं बैलगाडी नाहीतर रिक्षा असतीच.

गिअर नाहीत हे दुसरं सुख. आत क्लच आहे, पण तो हातानं दाबायचा नाही. इंजिन हळू फिरत असतं तेव्हा क्लचचे शू, म्हणजे घासणारे तुकडे, आत दबलेले असतात, चाकाला जोर जातच नाही, रेस दिली की फिरण्याच्या जोरानं ते बाहेर फेकले जातात आणि ड्रमला जाऊन घासतात, गाडी निघाली. एकच गिअर. दिवसात शंभर वेळा थांबणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताला विचारा याची किंमत काय ते. ब्रेक दोन्हीकडं ड्रमच, पण मागचा दाबला की पुढचा पण थोडा लागतो, लोड असताना मागचं चाक घसरत नाही त्यामुळं.

पण ह्या क्लचची एक खोड आहे आणि ती मला तुळजापूरच्या घाटात कळली. नवरात्राच्या आधी तिथल्या एका दुकानदारानं टॉवेल मागवले होते, म्हणलं टेम्पोचं भाडं कशाला, आपणच जाऊ, पुढं एक गठ्ठा, मागं एक, वर मी पंच्याहत्तर किलोचा. पंचेचाळीस किलोमीटर सपाट रस्त्यानं मस्त आलो, घाट लागला आणि गाडीनं मान टाकली. रेस पूर्ण, आवाज मोठा, स्पीड पंधरा. मग वास यायला लागला, करपलेल्या रबरासारखा, आणि मला वाटलं पुढच्या ट्रकचा आहे. ट्रक गेला तरी वास आहेच. जोर पुरत नाही तेव्हा इंजिन पुरेसं फिरत नाही, मग शू ड्रमला घट्ट धरत नाहीत, नुसते घासतात आणि तापतात, खालचा गिअर टाकून सोडवायची सोय तर नाहीच. बाजूला लावली, अर्धा तास थांबलो, एक गठ्ठा ओळखीच्या जीपवाल्याला दिला आणि वर गेलो. चूक गाडीची नाही, शंभर टक्के माझी. कंपनी सरळ लिहिती की १३० किलोच्या वर लोड नको, आणि त्यात चालवणारा पण आला. तेव्हापासनं मी आधी स्वतःला वजा करतो. उरलेल्या पंचावन्न किलोत एकच गठ्ठा बसतो. दुसऱ्यासाठी दुसरी खेप, पेट्रोल शंभराच्या वर असलं तरी.

पेट्रोलचं म्हणाल तर लोडसकट मला पंचावन्नच्या आसपास देती, रिकामी असली की साठला जाती. टाकी चार लिटरची, म्हणजे आठवड्यातनं दोनदा पंपावर. माझी २०२१ ची आहे, एप्रिल २०२० नंतरच्या सगळ्या बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या, त्यामुळं कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. चोक ओढायची भानगड गेली, थंडीत सकाळी सहाला पण एका बटनात चालू. पण जुन्या सवयीनं टाकी सुकेपर्यंत चालवू नका, इंजेक्शनचा पंप टाकीतल्या पेट्रोलमुळंच थंड राहतो.

चेनचं सांगायचं राहिलं, आणि हे नीट वाचा. गावातल्या एका सर्व्हिसवाल्याकडं मी गाडी दिली, चेन ढिली झालीय, आवाज करती म्हणलं. त्यानं इतकी आवळली की बोटानं दाबली तर हलेना. मी खूश, आवाज बंद. दोन दिवसांनी गठ्ठा टाकला की मागनं कुईकुई, आणि रेस सोडली की गाडी ओढल्यासारखी थांबायची. परत गेलो तर म्हणतो नवी गाडी आहे मालक, सेट होईल. एका महिन्यात मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चकतीचे, दात शार्कच्या दातासारखे वाकडे. मग अशोक चौकातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली, त्यानं गाडी स्टँडवर लावलीच नाही. मला म्हणला, "बस वर." मी बसलो. "गठ्ठा घे पुढं." घेतला. मग खाली वाकून चेन दाखवली, तार ताणल्यासारखी. मागं वजन आलं की शॉकॉप दबतात, मागचं चाक वर येतं, आणि चेनचा रस्ता लांबतो. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन लोडवर जीव घेती, आधी स्प्रॉकेटचा, मग बेअरिंगचा. त्यानं दोन-अडीच सेंटिमीटर झोल ठेवला, नवीन सेट टाकला, पैसे घेतले आणि वर एक शिवी पण फुकट दिली. लोड वाहणाऱ्यांनी चेन वर बसूनच बघायची, आणि दर आठ-दहा दिवसाला तेलाचं बोट फिरवायचं, आपल्याकडं धूळ किती आहे ते वेगळं सांगायला नको.

उन्हाळ्याचं काय? एप्रिल-मेला इथं त्रेचाळीस, चव्वेचाळीस जातं. गाडीची तक्रार नाही, माझी आहे, काळ्या सीटवर दुपारी दोनला बसलो की पोळी भाजल्यागत होतं, म्हणून सीटवर टॉवेल, अर्थातच आपलाच, टेरी. आणि साइड स्टँड. डांबर इतकं मऊ होतं की लोड गाडीचा स्टँड आत रुततो, तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत गाडी पाच अंश झुकलेली, दहा मिनिटांनी झोपलेली. मी हँडलला सुतळीनं एक फळीचा तुकडा बांधून ठेवलाय, लावली की खाली सरकवायचा. बुलेटवाला त्यावर पण हसला. मे महिन्यात त्यानं पण एक तुकडा मागून नेला, पण तो डिकीत लपवून ठेवतो.

कुणी घेऊ नये ते पण सांगतो. ज्याला रोज मोहोळ नाहीतर पंढरपूर करायचंय त्यानं हिच्याकडं बघू पण नका. पन्नासच्या पुढं इंजिन ओरडतं, हायवेला बाजूनं ट्रक गेला की वाऱ्यानं गाडी हात-दीड हात सरकती. सोळा इंचाची बारीक चाकं आहेत, खड्डा दिसला की वळवा, उडवायला जाऊ नका. सहा फुटी माणसाचे गुडघे हँडलला लागतात. आणि पोराला क्लासला जायला घेऊन देऊ म्हणणारे फार भेटतात, माझ्या मेहुण्यानं पण विचारलं, "दाजी, गिअर नाही म्हणल्यावर सोळाव्या वर्षी लायसन मिळतंय की." नाही मिळत. ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला आहे, ही दुप्पट आहे, अठरा पूर्ण लागतात. हेल्मेट पण लागतंय, मोपेड आहे म्हणून माफी नाही.

घरची तक्रार वेगळीच. मागची सीट काढून ठेवलेली असती, आणि बायकोला सिद्धेश्वराला जायचं असतं सोमवारी सकाळी. मग पाना शोध, स्क्रू शोध, सीट माळ्यावरनं काढ. एकदा घाईत चार स्क्रूऐवजी दोनच लावले तर तळ्याच्या कडेनं येईपर्यंत ती मला दोन्ही हातांनी धरून बसलेली, आणि मला वाटलं प्रेमानं.

तरी चार वर्षं आणि पन्नास हजारांच्या वर किलोमीटर झाले. त्यात एक स्प्रॉकेट सेट (तो वरचा), एकदा क्लच शू, दोन टायर, ट्यूब मोजल्या नाहीत. पंक्चरवाल्याला पण आवडती, चाक पटकन निघतं. कॅरिअरला मी वर्षभरातच वेल्डिंग करून दोन पट्ट्या वाढवून घेतल्या.

सेकंड हँड बघत असाल तर आधी फूटबोर्डाच्या खाली हात घाला. दूधवाल्याची नाहीतर पाण्याचे जार वाहणाऱ्याची गाडी असली की तिथं गंज लागलेला असतो, वरनं रंग कितीही चकाचक असू दे. मग स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवा, चेन एका ठिकाणी घट्ट आणि एका ठिकाणी ढिली लागली तर सेट गेलेला आहे, तेवढे पैसे कमी करायला सांगा. चढावर दोघं बसून न्या आणि नाकानं क्लच तपासा. आणि मागची सीट मागून घ्या, बहुतेक जणांनी ती हरवलेली असती. माझी माळ्यावरच आहे, पण ती देणार नाही, बायको कुरडया घालताना तिच्यावर बसती.