इंडक्शन शेगडी: एक उन्हाळा, एक पावसाळा

गोव्यात फोंड्याला आमच्या भाड्याच्या घरी इंडक्शन शेगडी येऊन उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पार पडले, म्हणून लिहिते. गॅसपेक्षा स्वस्त पडते का? पडते. किती, ते तुमच्या वीजबिलावर ठरतं.

गॅसची बरीच धग भांड्याच्या कडेने वायाच जाते. 14.2 किलोच्या सिलिंडरवर होतो तेवढा स्वयंपाक इंडक्शनवर करायला माझ्या हिशेबाने साधारण 130 युनिट लागतात. सिलिंडरच्या भावाला 130 ने भागा आणि युनिटच्या दराशी ताडून बघा. इथे एक गोम आहे. गोव्यात घरगुती विजेचा दर 100, 200, 300, 400 युनिटांच्या टप्प्यांनी चढतो, आणि शेगडीचे युनिट आधीच्या सगळ्या वापराच्या वर चढतात. म्हणजे पहिल्या टप्प्याचा दर धरून खूश व्हायचं नाही. बिलात शेवटचा जो टप्पा लागलाय, तो धरायचा. मे महिन्यात पंखे रात्रंदिवस, म्हणून बचत आटते. पण जाळ नसल्यामुळे स्वयंपाकघरात पंखा लावून रांधता येतं, हे सुख मी पैशात मोजत नाही.

खरी कमाई पावसाळ्यात. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, ताजी मासळी महाग. मग घरात अळसांदे, चणे, वाटाणे, म्हणजे शिजायला वेळ घेणारी कडधान्यं. रात्री भिजवायचे, कुकर लावायचा, पहिली शिटी झाली की पॉवर अगदी खाली आणायची. उकडे तांदूळही तसेच. पेज मात्र उघड्या टोपात नको. उतू गेली की टच बटणांवर पसरते आणि शेगडी पीं पीं करत बंद पडते. दाबायची बटणं असलेलीच घ्या.

हुमण (माशांची आमटी) मातीच्या कुंडल्यात, म्हणजे गॅसवरच. सासूबाईंनी तो विषय केव्हाच संपवलाय. भाकरी फुगवायलाही जाळच हवा. बांगडे तळायला सपाट बुडाचा बिडाचा तवा मात्र झकास चालतो.

अ‍ॅल्युमिनियमची भांडी चालत नाहीत. फ्रिजवरचं चुंबक बुडाला लावून बघा, चिकटलं तर भांडं चालेल. दुकानदार शेगडीबरोबर भांड्यांचा सेट गळ्यात मारू बघतो. तो घेतलात तर कित्येक महिन्यांची बचत तिथेच गेली. 2000 वॅटच्या शेगडीला 6 अँपिअरचा साधा प्लग पुरत नाही, 16 चा पॉइंट हवा. तो खर्च आधीच धरा, आणि घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारून करा.

पावसात वीज जाते, त्यामुळे गॅस सोडून चालणारच नाही. आमचा सिलिंडर आता पूर्वीच्या दीडपट टिकतो. चतुर्थीला गॅस आणि शेगडी दोन्ही दिवसभर चालू असतात. तो महिना मी हिशेबात धरतच नाही.