ड्रायर की स्ट्रेटनर: केसांना जास्त चटका कशाचा?

दोन्ही गरमच, पण एकाच मापाने मोजू नयेत. ड्रायरची हवा केसांपर्यंत येताना बरीच निवते. 2011 साली दक्षिण कोरियात झालेल्या एका अभ्यासात ड्रायर 5 सेंटीमीटरवर धरल्यावर तापमान 95 अंश सेल्सिअस भरलं, 15 सेंटीमीटरवर जेमतेम 47. आपोआप वाळण्यापेक्षा केसाच्या वरच्या खवल्यांना ड्रायरनेच जास्त त्रास दिला, हे खरं. पण गंमत बघा, आतल्या पेशींना जोडणाऱ्या थराची इजा दिसली ती फक्त आपोआप वाळू दिलेल्या केसांत! बराच वेळ ओलं राहणंही केसांना मानवत नाही.

स्ट्रेटनरचं प्रकरण वेगळं. तापलेल्या पट्ट्या थेट केसांना चिकटतात, तेही साधारण 150 ते 230 अंशांवर. केस ओलसर असतील तर आतल्या पाण्याची वाफ होते, केसात बुडबुडे धरतात आणि तो तिथेच तुटतो. चर्र आवाज आला की हात थांबवा.

माझं मत विचाराल तर रोजच्यासाठी ड्रायरच, लांबून आणि हात हलता ठेवून. स्ट्रेटनर लग्नकार्यापुरता, तोही कोरड्या केसांवर, हीट प्रोटेक्टंट, म्हणजे केसांना उष्णतेपासून जपणारं स्प्रे किंवा क्रीम, लावून. मुंबईच्या पावसाळ्यात तर सरळ केलेले केस दादर येईपर्यंत पुन्हा फुगतात. मग सकाळी सकाळी 200 अंशांचा मार कशाला?